मंडप आणि त्याची पायरी

आपल्या प्राचीन वास्तुशिल्पाविषयी मराठीत जे लेखन होते ते वाचताना एक गोष्ट सहज ध्यानात येते. लेखक देवालयाच्या शिखराविषयी लिहितो, गाभाऱ्यातील मूर्तीविषयी लिहितो, खांबांवरील नक्षीचे आणि भिंतींवरील सुरसुंदरींचे तोंड भरून कौतुक करतो. परंतु ज्या मोकळ्या जागेत उभा राहून तो हे सारे पाहत असतो, त्या जागेविषयी मात्र तो चकार शब्द काढीत नाही. मंडप हा त्याच्या लेखी गाभाऱ्याकडे जाण्याचा रस्ता असतो. रस्त्याविषयी काय लिहावयाचे?

हा दोष केवळ आपल्याकडील लेखकांचा आहे असे नव्हे. घर म्हणजे चार भिंती. तेव्हा ज्याला भिंती नाहीत ती वास्तू अपुरी, घराची पूर्वतयारी किंवा घराची पुरवणी, असे मनुष्य नकळत धरून चालतो. आमच्या मते मंडप ही स्वतंत्र कलाकृती आहे आणि तिला तिची स्वतःची कसोटी लावली पाहिजे. हे छत कशासाठी घातले आणि त्याखाली काय घडते, हा झाला एक प्रश्न. जेथे भिंत नाही तेथे हद्द कोणी आखली, हा दुसरा. पहिला प्रश्न रसिकाला आपोआप सुचतो. दुसरा सहसा सुचत नाही. आणि आम्हांस तोच अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण भिंत निदान डोळ्यांना दिसते.

शब्दांपासूनच आरंभ करू. इंग्रजीतील 'पॅव्हिलियन' हा शब्द फ्रेंचमधून आला, आणि त्याचे मूळ लॅटिन भाषेतील 'पापिलिओ', म्हणजे फुलपाखरू, ह्या शब्दात आहे. दोन्ही बाजूंस कापडी पाखे पसरून उभा असलेला तंबू पाहून कोणा रोमन शिपायाला पंख उघडून बसलेले फुलपाखरू आठवले असावे. आपल्या 'मंडप' शब्दाची कथा इतकी सुंदर नसली तरी गमतीची आहे. अवयवांचा अर्थ घ्यावा तर 'मंड' म्हणजे भाताची पेज, आणि ती पिणारा तो मंडप. परंतु मंडप म्हटल्यावर पेज पिणारा गृहस्थ कोणाच्याही डोळ्यांसमोर उभा राहत नाही. शब्दाचा अवयवार्थ एक आणि रूढार्थ निराळाच, ह्याचे उदाहरण म्हणून संस्कृत शास्त्रकारांनी हा शब्द वापरून वापरून गुळगुळीत केला आहे. मराठीने त्याचा मांडव केला आणि त्याला परसात व अंगणात आणून बसविले. दोडक्याचा मांडव, जाईचा मांडव, लग्नाचा मांडव, आणि लग्न झाल्यावर मांडवपरतणे. लग्नघरी मांडवाचा पहिला खांब मुहूर्त पाहून रोवतात, ती मुहूर्तमेढ. पुढे हा शब्द इतका फैलावला की आज आपण शाळेची, संस्थेची, किंबहुना मासिकाचीही मुहूर्तमेढच रोवतो. पाया जमिनीच्या पोटात जातो आणि कायमचा राहतो. मेढ चार दिवसांनी उपटावयाची असते. चिरंजीव होऊ पाहणाऱ्या संस्थांसाठी मराठी माणसाने इतका अल्पायुषी खांब का निवडला, ह्याचा विचार भाषाशास्त्रज्ञांनी अवश्य करावा. शहरांतील मंगल कार्यालयांत आता फरसबंद जमिनीमुळे ही मेढ वाळूने भरलेल्या डब्यात उभी केलेली दिसते. असो.

शास्त्राकडे वळावे तर भरताच्या नाट्यशास्त्राचा दुसरा अध्याय नाट्यमंडपालाच वाहिलेला आहे. विकृष्ट, चतुरस्र आणि त्र्यस्र असे आकाराचे तीन प्रकार सांगून मनुष्यांच्या नाट्यासाठी ६४ हात लांब व ३२ हात रुंद हे माप त्यात उचित ठरविले आहे. ह्याहून मोठा मंडप बांधल्यास नटाचा स्वर विरून जाईल आणि त्याच्या मुद्रेवरील भाव मागे बसलेल्यास दिसणार नाहीत, हे त्याचे कारण. वास्तूचे माप राजाच्या वैभवावरून न काढता प्रेक्षकाच्या कानावरून आणि डोळ्यांवरून काढावे, हा विचार इतक्या प्राचीन काळी इतक्या स्पष्टपणे मांडला गेला, ही साधी गोष्ट नव्हे. ध्वनिवर्धक आल्यापासून आपण ती विसरलो आहोत. हजारो माणसांच्या मंडपात वक्त्याचा आवाज चोहोंकडून आदळतो, पण त्याचा चेहरा शेवटच्या रांगेतल्या श्रोत्याला अंगठ्याच्या नखाएवढा दिसतो.

परंतु भरताचा मंडप उघडा नाही. तो डोंगरातील गुहेसारखा असावा, त्याचे झरोके लहान असावेत, वारा आत खेळू नये, म्हणजे स्वर गंभीर होतो, असे त्याचे सांगणे आहे. नाव मंडपाचे आणि वृत्ती गुहेची! आणि येथेच आमचा दुसरा प्रश्नही उभा राहतो. ह्या मंडपाचे चार प्रमुख स्तंभ चार वर्णांच्या नावांनी उभारावयाचे आहेत. ब्राह्मणस्तंभाला शुभ्र द्रव्ये, क्षत्रियस्तंभाला तांबडी, वैश्यस्तंभाला पिवळी, शूद्रस्तंभाला निळी, असा विधी आहे. छत तोलावयाचे तर चारही खांब सारखेच लागतात, हे स्थापत्याने कबूल केले. पण रंग वेगळे राहिले. शिवाय पायाभरणीच्या वेळी पाखंडी, काषायवस्त्रधारी आणि विकलांग माणसे तेथून दूर सारावीत असेही सांगितले आहे. नाट्यवेद सर्व वर्णांसाठी निर्माण केला, असे ज्या ग्रंथाचा पहिला अध्याय सांगतो, त्याच ग्रंथाचा हा दुसरा अध्याय आहे. ग्रंथातील ही विसंगती झाकण्याचा प्रयत्न कोणी करू नये. मंडपाच्या पुढील साऱ्या इतिहासाचे बीज तीत आहे.

भरताच्या गुहेच्या अगदी उलट टोकाचा मंडप पाहावयाचा असेल तर कृष्णाकाठी शिरोळ तालुक्यातील खिद्रापुरास जावे. तेथील कोपेश्वराचे देवालय शिलाहारांच्या काळातील, बाराव्या शतकाच्या सुमाराचे. यादव राजा सिंघण ह्याचा तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेखही तेथे आहे. गाभारा, अंतराळ आणि सभामंडप ही मांडणी नेहमीची. परंतु सभामंडपाच्या पुढे एक वेगळा मंडप आहे, त्याला स्वर्गमंडप म्हणतात. ह्याला सर्व मिळून ४८ खांब आहेत. त्यांतील आतले बारा वर्तुळाकार उभे आहेत, त्यांच्यामध्ये जमिनीत एक भव्य वाटोळी शिळा बसविली आहे, आणि त्या शिळेच्या बरोबर वर छत नाही. तेवढ्याच वर्तुळातून आकाश दिसते.

ह्या उघड्या वर्तुळाचा अर्थ लावताना पंडितांची बरीच तारांबळ उडालेली दिसते. होमाचा धूर बाहेर जावा म्हणून ते ठेवले, असे एक मत आहे. मंडप अपुरा राहिला, त्यावर घुमट व्हावयाचा होता, असे दुसरे. धुराचे मत अगदीच टाकाऊ नाही. परंतु धूर जाण्यासाठी गवाक्ष पुरते. त्यासाठी बारा खांबांचे रिंगण आणि त्याला जुळणारी शिळा लागत नाही. अपुरेपणाचे मत तर त्या वर्तुळाची कड पाहिल्यावर टिकत नाही असे आम्हांस वाटते. जी कड पुढे झाकली जावयाची तिचे काम इतके रेखीव कोण करील? शिळेवर उभे राहून वर पाहावे. बाहेरच्या खांबांच्या ओळीपाशी अंधुक सावली, आतल्या बारा खांबांवर अधिक उजेड, आणि मधोमध भर प्रकाश. सभामंडपाकडे पुढे पाऊल टाकताच हा क्रम उलटतो, आणि गाभाऱ्यापाशी पोचेपर्यंत काळोखच सोबतीला उरतो. म्हणजे उजेडातून अंधाराकडे जाण्याचा हा प्रवास आहे आणि त्या प्रवासाचा आरंभ म्हणून शिल्पकाराने आकाशाचा एक तुकडा दगडात कोंदणासारखा बसविला आहे. कार्तिकी पौर्णिमेच्या मध्यरात्री चंद्र ह्या वर्तुळाच्या जवळजवळ माथ्यावर येतो आणि ते पाहावयास लोक जमतात. पण त्यासाठी पौर्णिमेची वाट पाहण्याचे कारण नाही. मृगाच्या पहिल्या सरीत ती शिळा भिजत असते आणि तिच्याभोवतीचे बारा खांब कोरडे असतात, तो देखावाही काही कमी प्रतीचा नाही. भिंत तर नाहीच, मध्यावर छतही नाही, आणि तरीही 'आत' आल्याची जाणीव पुरी होते. मंडपाच्या कलेने ह्याहून अधिक काही साधल्याचे उदाहरण निदान महाराष्ट्रात तरी आमच्या पाहण्यात नाही.

खिद्रापूरची वाट सोडून पंढरपुरास यावे, म्हणजे दुसरा प्रश्न किती कठोर आहे ते कळते. शिल्प म्हणून पंढरपूरचे देवालय खिद्रापूरच्या पासंगालाही पुरणार नाही. पण मंडप माणसांनी कसा भरतो हे पाहावयाचे तर येथेच. महाद्वारी नामदेवाची पायरी, मग सभामंडप, मग सोळा खांबांचा सोळखांबी मंडप, पुढे चौखांबी आणि गाभारा. सोळखांबीतल्या गरुडखांबाला वारकरी कडकडून मिठी मारतो. दगडी खांबाचा असा उपयोग जगातील कोणत्या शिल्पशास्त्राने कल्पिला असेल? आता ह्या मांडणीत चोखोबांची समाधी कोठे आहे ते पाहावे. ती महाद्वाराबाहेर आहे. परंपरा सांगते की मंगळवेढ्याचे गावकूस बांधण्याच्या कामावर असता ती भिंत कोसळून शके १२६० मध्ये, म्हणजे इ. स. १३३८ मध्ये, चोखोबांचा अंत झाला, आणि नामदेवांनी त्यांच्या अस्थी आणून येथे समाधी बांधली. ज्या माणसाने मेहनत करावयाची ती गावाच्या भिंतीसाठी, मरावयाचे तिच्याखाली, आणि ज्या मंडपाला भिंतीचा अडसर नसावा त्याच्या पायरीपलीकडे मात्र जावयाचे नाही! समाधीपासून गरुडखांब काही फार दूर नाही. तेवढे अंतर कापण्यास सहा शतकांहून अधिक काळ लागला. साने गुरुजींनी १ मे १९४७ रोजी प्राणांतिक उपोषण आरंभिले, दहा दिवसांनी देवालय अस्पृश्यांना खुले करण्याचे ठरले, तेव्हा कोठे ती वाट मोकळी झाली. ह्या देवालयाच्या शिल्पाचे वर्णन करताना जो ग्रंथकार ह्या अंतराचा उल्लेख करीत नाही, त्याने मंडपाचा नकाशा काढला असे म्हणता येईल, मंडप पाहिला असे म्हणता येणार नाही.

मोगलांच्या बागांतील मंडपांविषयी थोडक्यात लिहितो, कारण त्यांच्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. सदैव तंबूत फिरणाऱ्या ह्या घराण्याने तंबूच संगमरवरात उतरविला. दिल्लीच्या लाल किल्ल्यातील बागेत 'सावन' आणि 'भादों' असे दोन मंडप समोरासमोर आहेत. त्यांत पाण्याच्या पडद्यामागे दिव्यांसाठी कोनाडे केले होते. रुक्ष दिल्लीत श्रावणभाद्रपद बांधून ठेवण्याची ही हौस मोठी रसिक खरी. परंतु ती हौस बादशाही जनान्यापुरती होती.

ह्याच घाटाचे घुमट आणि छत्र्या पाहून, किंबहुना त्यांची चित्रे पाहून, इंग्लंडच्या समुद्रकाठी ब्रायटन येथे राजपुत्राच्या विलासासाठी एक प्रासाद उभा राहिला. जॉन नॅश ह्या स्थपतीने १८१५ ते १८२२ ह्या काळात जुन्या घराला तो साज चढविला. बाहेरून हिंदुस्थानी, आतून चिनी, आणि नाव 'रॉयल पॅव्हिलियन'. कला म्हणून पाहता हा सारा सोंगाचा प्रकार आहे. भिंती जशाच्या तशा ठेवून वर घुमट चढविले की मंडप होत नाही, हे त्या स्थपतीला कळले नाही, किंवा कळूनही त्याला त्याची पर्वा नव्हती. परंतु वास्तूचे भाग्य तिच्या बांधणाऱ्याच्या हाती नसते. व्हिक्टोरिया राणीला ती वास्तू रुचली नाही आणि १८५० मध्ये ती ब्रायटन शहराने विकत घेतली. पुढे १९१४ च्या डिसेंबरात फ्रान्सच्या रणभूमीवर जखमी झालेले हिंदी शिपाई तेथे आणून ठेवले गेले, आणि जानेवारी १९१६ पर्यंत ते हिंदी सैनिकांचे रुग्णालय होते. नाटकी घुमटांखाली खरे हिंदुस्थानी लोक आले ते असे, खाटेवर पडून. सरकारने त्यांच्या धर्माची आणि जातीची काळजी घेतली. नऊ स्वयंपाकघरे निरनिराळी केली, हिंदू आणि मुसलमान ह्यांच्या पाण्याच्या तोट्या वेगळ्या ठेविल्या. ह्या व्यवस्थेत दूरदर्शीपणा होता, थोडीशी जाहिरातही होती. पण गोऱ्या साहेबाला आमच्या घरातील अदृश्य भिंतींचा नकाशा किती बिनचूक पाठ होता, हे पाहून मान खाली जाते.

जे हिंदू आणि शीख शिपाई बरे झाले नाहीत, त्यांतील ५३ जणांना शहराबाहेरच्या टेकडीवर अग्नी दिला गेला. त्या ठिकाणी १९२१ मध्ये एक छत्री उभारली गेली. तिचा आराखडा हेन्रिक्स नावाच्या मुंबईकर तरुण स्थपतीचा. आठ खांब, वर एक घुमट, आणि भोवती इंग्लंडचे हिरवे माळरान. ज्या गावात नॅशचा तो अवाढव्य देखावा आहे, त्याच गावाच्या माथ्यावर ही लहानशी छत्री आहे. कोणी आम्हांस विचारील तर खरा पॅव्हिलियन टेकडीवरचा आहे.

इंग्रजांनी हा शब्द आपल्या देशात आणला तो क्रिकेटच्या मैदानावर. जिमखान्याची ती लाकडी कठड्याची, कौलारू पडवीसारखी वास्तू आमच्या शहरवासी वाचकांना परिचित आहे. सावली, आरामखुर्च्या, चहा, आणि समोर हिरवळ. मंडपाचे सर्व गुण तिच्यात आहेत, आणि दोषही. पुण्यातील पाळवणकर बाळू हे चर्मकार जातीतील खेळाडू त्या काळचे हिंदुस्थानातील अव्वल डावरे गोलंदाज होते. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदूंच्या संघाने मुंबईस युरोपियनांचा पराभव केला, त्यात ते होते. परंतु पुण्याच्या हिंदू संघातून खेळू लागले तेव्हा मैदानावर त्यांनी टाकलेला चेंडू इतरांनी झेलावा, आणि चहाच्या वेळी इतर मंडळी पॅव्हिलियनमध्ये चिनी मातीच्या पेल्यातून चहा घेत असता बाळूंना तो बाहेर, मातीच्या टाकाऊ भांड्यात दिला जावा, अशी रीत होती. चेंडूला विटाळ नाही, पेल्याला आहे! मैदान आणि पॅव्हिलियन ह्यांच्यामध्ये असते ती एक पायरी, फार तर दोन. त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल हे १९२३ मध्ये हिंदू संघाचे कप्तान झाले. तोवर कित्येक सामने जिंकून झाले होते.

राजकीय सभांचा मंडप हा आपल्या आधुनिक इतिहासाचा एक स्वतंत्र अध्याय आहे. सुरतेस १९०७ च्या डिसेंबरात काँग्रेसच्या मंडपात जोडा फेकला गेला आणि अधिवेशन मोडले, हे सर्वांस ठाऊक आहे. वास्तू म्हणून त्या मंडपात पाहण्यासारखे काही नव्हते. फैजपूरची गोष्ट वेगळी. खेड्यात भरलेले काँग्रेसचे हे पहिले अधिवेशन, डिसेंबर १९३६ मधले, आपल्या खानदेशातले. गांधीजींनी शांतिनिकेतनाहून नंदलाल बोस ह्यांना बोलावून घेतले, आणि बांबू, चटया असे जे खेड्यात मिळते त्यातूनच टिळकनगर उभे राहिले. नंदलालांबरोबर म्हात्रे ह्या स्थपतीलाही गांधीजींनी जाहीर श्रेय दिले. चित्रकार म्हणून नंदलालांची जी कीर्ती आहे तीत फैजपुराचा उल्लेख ओझरता येतो. आमच्या मते तो मोठा असावयास हवा. बांबू वाकतो, दोरी ताणते, चटई वाऱ्याला वाट देते; ह्या तीन गोष्टी ज्याला कळल्या त्याला मंडप कळला. पुढच्या अधिवेशनांनी आणि संमेलनांनी फैजपूरचा हा धडा गिरविला असता तर कापडावर रंगविलेले खोटे दगडी महाल आणि पुठ्ठ्याचे राजवाडे पाहण्याचा प्रसंग आपल्यावर वरचेवर आला नसता.

परंतु आम्हांस सर्वांत विचार करावयास लावणारा मंडप फैजपूरच्या नऊ वर्षे आधीचा आहे, आणि त्याची गणना कलेच्या कोणत्याही इतिहासात झालेली नाही. महाडच्या चवदार तळ्यासाठी डॉ. आंबेडकरांनी १९२७ च्या डिसेंबरात जी सत्याग्रह परिषद बोलाविली, तिच्या मंडपासाठी गावातील हिंदू जागा देईनात. शेवटी एका मुसलमान गृहस्थाने आपली जागा दिली. मंडपाला भिंत नसते, पण चार खांब रोवण्यापुरती जमीन लागते आणि जमिनीला मालक असतो, ही गोष्ट वास्तुशास्त्राचे ग्रंथ सहसा सांगत नाहीत. मंडपात चित्र लावले होते ते एकट्या गांधीजींचे. मंडपासमोर जमिनीत एक चौकोनी खड्डा खणून वेदी केली, तीत चंदनाची लाकडे रचली, भोवती खांब रोवून फलक लावले, आणि २५ डिसेंबरच्या रात्री त्या वेदीवर मनुस्मृतीचे दहन झाले. ठराव मांडणारे सहस्रबुद्धे जातीने ब्राह्मण होते. ह्या कृत्याविषयी तेव्हा पुष्कळ वाद झाला. पण त्या मंडपाच्या घडणीकडे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. मंडप, त्याच्यासमोर वेदी, कोपऱ्यांवर खांब, चंदन आणि अग्नी: ही मांडणी यज्ञमंडपाची आहे, सूत न सूत तीच. ज्यांना हजारो वर्षे त्या मांडणीच्या जवळ फिरकू दिले नव्हते, त्यांना ती इतकी नेमकी ठाऊक होती, आणि त्यांनी ती मोडली नाही, वापरली. बदलली ती आहुती. परिषद संपल्यावर मंडप उतरविला गेला असेल, कारण मंडप उतरविण्यासाठीच असतो. जागा ज्याची होती त्याला ती परत मिळाली. तळ्यावर पाणी भरण्याचा अस्पृश्यांचा हक्क न्यायालयात मान्य होण्यास १९३७ साल उजाडावे लागले.